मामांची मंजूर दाढी

माझ्या बायकोच्या मामांची दाढी ही अख्ख्या खानदेशातली सर्वांत रागीट दाढी होती. राग माणसाला येतो, दाढीला कसा येईल, असं ज्यांना वाटतं त्यांनी ती पाहिलेली नाही. मामा गप्प बसले तरी ती भांडत असे. चांगली चार बोटं लांब, पांढरीशुभ्र, कडेनं पट्टी लावून आखल्यासारखी. आणि खरंच ती पट्टी लावूनच आखलेली असे, कारण दर रविवारी सकाळी मामा कुणाच्या तरी जुन्या कंपासपेटीतली सहा इंची पट्टी गालाला लावून, बारीक कात्रीनं स्वतःच ती कापत. ओठ कधी दिसायचेच नाहीत. त्यामुळे शिव्या मामांच्या तोंडातून न येता थेट दाढीतूनच येताहेत असं वाटे, आणि ऐकणारा दुप्पट घाबरे. धुळ्याला देवपुरात त्यांच्या गल्लीत शिरलेला नवा कुरियरवाला पहिल्या दिवशी पाकीट फाटकावर ठेवून पळाला होता. मामा त्याला फक्त 'पाणी घे' म्हणाले होते.

मामा नौदलात खलाशी होते. ज्या गावात पांझरेला पाणी आलं की लोक पोराबाळांना घेऊन पुलावर बघायला जातात, त्या गावातला माणूस समुद्रावर गेला कसा, हे त्यांच्या भाऊबंदांना शेवटपर्यंत कळलं नाही. वर्षानुवर्षं ते जहाजाच्या पोटात इंजिनापाशी राबले, निवृत्त झाले, देवपुरात घर बांधलं आणि त्या घराचं जहाज केलं. ओटा म्हणजे डेक. पहाटे डेक धुतलाच पाहिजे. आता धुळ्यात नळाला पाणी येतं तो दिवस सणासारखा असतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मामी पिंपाचं झाकण दाबून उभ्या राहायच्या आणि एक तांब्या मोजून द्यायच्या. त्या एका तांब्यात मामा सबंध ओटा धुवायचे आणि उरलेलं तुळशीला घालायचे. पाहुण्यांनी उठताना 'निघू का?' असं विचारलंच पाहिजे. न विचारता चपला घालणाऱ्या माझ्या मेव्हण्याला त्यांनी फाटकातून परत बोलावून, पुन्हा बसवून, चहा पाजून, मग रीतसर परवानगी देऊन घालवलं होतं. बिचाऱ्याची जळगावची गाडी चुकली. "गाडी चुकली तर दुसरी येईल," मामा म्हणाले, "शिस्त चुकली तर माणूस बुडतो!"

पण हे सगळं किरकोळ. मामांच्या आयुष्याचा खांब म्हणजे ती दाढी, आणि दाढीचा पाया म्हणजे परवानगी. मामा सांगायचे ते असं, की जहाजावर मनाला आलं म्हणून दाढी वाढवता येत नाही. अर्ज करायचा. साहेबापुढे ताठ उभं राहून विनंती करायची. मग काही आठवडे मुदत. मुदत संपली की साहेब हनुवटीपाशी डोळे आणून पाहणार: भरघोस असेल तर ठेव, कुठे टक्कल पडलेलं असेल तर उतरव. मामांची दाढी पहिल्या नजरेत पास झाली. मॅट्रिकला तीनदा बसलेला हा माणूस त्या दिवसाबद्दल बोलताना उठून उभा राहायचा. "जावईबापू, आयुष्यात एकच परीक्षा पहिल्या झटक्यात पास झालो. तीही पाठ न करता!" आणि हो, एकदा मंजूर झालेली दाढी काढायची तरी पुन्हा अर्ज. तो अर्ज मामांनी कधी केला नाही. त्यामुळे मामांच्या मते ती मंजुरी अजून चालू होती. निवृत्तीचा तिच्याशी संबंध नव्हता. माणूस निवृत्त होतो, मंजुरी कशी होईल?

या दाढीची पहिली शिकार मामीच. लग्न झालं तेव्हा मामांचा चेहरा गुळगुळीत होता. लग्नानंतर पंधरा दिवसांत ते गेले आणि पहिल्या मोठ्या सुट्टीवर आले ते दाढी घेऊन, पत्र न पाठवता, भर दुपारी. दारात दाढीवाला माणूस पाहून मामींनी पदर पुढे ओढला, आत गेल्या आणि सुपात पीठ घेऊन आल्या. "घ्या बाबाजी," म्हणाल्या, "आमचे मालक समुद्रावर शेतस, त्यास्ले आशीर्वाद द्या." मामा इतके चिडले की त्यांना बोलताच येईना. शेवटी त्यांनी ते पीठ झोळीऐवजी टोपीत घेतलं आणि तसेच घरात शिरले. तेव्हा मामींनी जी किंकाळी फोडली ती म्हणे नदीपलीकडे ऐकू गेली. तेव्हापासून चाळीस-बेचाळीस वर्षं मामी एकच वाक्य बोलत होत्या: "काढा ती दाढी." शेवभाजीचा रस्सा दाढीवरून ओघळला की म्हणायच्या, "मी दोघांचा स्वयंपाक करते. एक यांचा, एक तिचा." आग्रा रोडवरचा एक मारवाडी कापडवाला तर मामा दुकानात शिरले की गादीवरून उतरून पायाच पडायचा. "अहो, मी खलाशी आहे, खलाशी!" मामा ओरडायचे. कापडवाला हात जोडून सुनेला सांगायचा, "सिद्ध पुरुष असेच रागावतात. शिव्या खाऊन घे, फळतात."

आता माझा गुन्हा सांगतो. मी जळगावला भांड्यांचं दुकान चालवतो आणि महिन्यातून एकदा धुळ्याला जातो. धुळ्याला गेलो की मामांना चिडवणं हा माझा छंद होता. छंद कसला, व्यसन. मामा चिडले की बघण्यासारखे दिसत: कान तांबडे, दाढी थरथरती, मराठी सुटून अहिराणी सुरू. मी चहा घेता घेता हळूच काडी टाकायचो आणि मागे टेकून बसायचो. गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर गेलो, तर काडी आधीच पडलेली. पेपरात कोपऱ्यात बातमी होती की कुठल्याशा परदेशी नौदलात खलाशांना दाढी ठेवू द्यावी की नाही यावर वाद चाललाय आणि तिथल्या साहेबांचा कल बंदीकडे आहे. मामांनी तो पेपर माझ्यासमोर आपटला.

"वाचा. बठ्ठा लबाड शेतस, सगळे लबाड! दाढी काढा म्हणे. समुद्रावर गार वाऱ्यात यांचे बाप उभे राहणार का?"

"पण मामा, त्यांचं कारण वाचलं का?" मी म्हणालो. "आग लागली की तोंडावर मुखवटा चढवावा लागतो. दाढी असली की तो घट्ट बसत नाही. फटीतून धूर आत जातो."

"कोणी सांगितलं?"

"इथं छापलंय."

"छापणाऱ्यानं कधी मुखवटा घातलाय? पट्टा आवळला की बसतो! आवळता येत नाही त्यांनी नोकरी सोडावी, दाढी नाही."

मी खरं म्हणजे तिथे थांबायला हवं होतं. पण मामांचे कान नुसते गुलाबी झाले होते, तांबडे व्हायचे बाकी होते. "मामा," मी म्हणालो, "दाढी ही शेवटी हौस. जीव महत्त्वाचा. मी साहेब असतो तर मीही बंदीच घातली असती."

मामा उठले. त्यांनी त्या देशाच्या मालावर तिथल्या तिथे बहिष्कार घातला आणि तो शोधायला सबंध घर पालथं घातलं. मिक्सर, पंखा, घड्याळ, सगळं उलटं करून पाहिलं. त्या देशाची एकही वस्तू सापडली नाही. मग त्याचाही राग आला. शेवटी माझ्यासमोर उभे राहून, बोट नाचवत म्हणाले, "मुखवटा आणा. फवारणीवाले घालतात तसला. मी करून दाखवतो."

आणि मी आणला. सांगायला लाज वाटते, पण मी हसत हसत आणला. नशिराबादला माझ्या मित्राचं फवारणीच्या सामानाचं दुकान आहे. रावेरकडचे केळीवाले त्याच्याकडून माल नेतात. त्यानं रबरी मुखवटा दिला, दोन्ही गालांवर डबीएवढ्या जाळ्या असलेला. पुढच्या खेपेला मी तो घेऊन धुळ्याला हजर. मामांनी तयारी करूनच ठेवली होती. मागच्या अंगणात पत्र्याची न्हाणी. तिच्यात घमेल्यात निखारे. काळ्या मसाल्यासाठी मामींनी वाळवलेल्या मिरच्यांतल्या दोन मुठी मामांनी बाजूला काढल्या होत्या. मामी पिठाच्या गिरणीवर गेल्या होत्या, ही वेळ मामांनी मुद्दाम साधली होती. शेजारचे चार जण साक्षीला बोलावले होते. ज्यांनी खानदेशात मिरची भाजताना एकदा तरी दार उघडं टाकलंय त्यांना पुढचं सांगायला नको.

मामांनी मुखवटा चढवला. पट्टा आवळला. रबराच्या कडेनं दाढी चहूबाजूंनी अशी बाहेर आली, जणू गादी फाटून कापूस निघालाय. मिरच्या निखाऱ्यावर टाकल्या, दार लावून घेतलं. मी घड्याळ धरलं. पाच मिनिटं ठरली होती. दुसऱ्याच मिनिटाला बाहेरचे साक्षीदार खोकायला लागले. तिसऱ्याला एक जण पळून गेला. "मामा, बस झालं!" मी दार ठोठावलं. आतून दोन ठोके आले. त्याचा अर्थ 'नाही' असावा. बरोबर पाच मिनिटांनी दार उघडलं, मामा बाहेर आले, मुखवटा काढला, डोळ्यांतून धारा वाहत असताना सलाम ठोकला आणि म्हणाले, "शंका?"

आम्ही टाळ्या वाजवल्या. मी सर्वांत जोरात. मामा हौदाच्या कठड्यावर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवले आणि पुढचा श्वास घ्यायला लागले. तो येईना. येत होता तो शिट्टीसारखा. त्यांची नखं निळी पडताना मी पाहिली आणि माझ्या हातातलं घड्याळ खाली पडलं. त्याच वेळी कमरेवर पिठाचा डबा घेऊन मामी फाटकातून आल्या. त्यांनी घमेलं पाहिलं, मुखवटा पाहिला, मला पाहिलं. "हे आणलं कुणी?" इतकंच विचारलं. मी रिक्षा बोलवायला धावलो.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या असतील, पण रागात मामांच्या बरोबरीच्या. इंजिनापाशी काढलेली वर्षं आणि तरुणपणीच्या विड्या, फुप्फुसं आधीच थकलेली होती, असं त्या म्हणाल्या. आणि वर मिरचीची धुरी देणारा पेशंट मी पहिल्यांदाच पाहते, असंही म्हणाल्या. त्यांनी मामांच्या तोंडाला एका यंत्राचा मास्क लावला. यंत्र हवा आत ढकलणार आणि मामांच्या छातीचे कष्ट वाचणार. पण यंत्र सारखं किंचाळत राहिलं. हवा दाढीतून बाजूनं निसटत होती. नर्सनं पट्टा आवळला, आणखी आवळला. यंत्र किंचाळतच राहिलं.

"आजोबा, दाढी काढावी लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आत्ता."

मामांनी मास्क बाजूला सारला. "अर्ज," ते म्हणाले.

"काय म्हणताहेत?"

"परवानगी हवीये त्यांना," मी म्हणालो. "मंजूर दाढी आहे. काढायची तर अर्ज करावा लागतो."

"कुणाकडे?" बाई कडाडल्या. "कुणाकडे करायचा अर्ज? सांगा, मी करते!"

हा प्रश्न इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता. मामांचे साहेब केव्हाच निवृत्त झाले असतील, काही गेलेही असतील. मामांनी हात उचलला आणि कोपऱ्यात स्टुलावर, अंगावर पिठाची पूड तशीच घेऊन बसलेल्या मामींकडे बोट केलं. "आता... जहाज... तिचं," ते म्हणाले.

दवाखान्याच्या एका कोऱ्या कागदावर मी अर्ज लिहिला. अर्जदारास दाढी उतरवण्याची परवानगी मिळावी ही विनंती. "कारण काय लिहू?" मामांनी डोळे मिटून विचार केला. "वैयक्तिक." सही त्यांनी स्वतः केली, खाली रेघ मारून. कागद मामींच्या हातात दिला. मला वाटलं, चाळीस वर्षं जे मागत होत्या ते हातात आलंय. आता त्या सही करतील आणि वर नारळ फोडतील. मामींनी कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि उसळल्या.

"मी नही करत सही! इतकी वर्षं काढा काढा म्हणून घसा सुकला, तेव्हा ऐकलं नाही. आणि आता माझ्या सहीनं काढता? उद्या काही झालं म्हणजे? मीच काढायला लावली म्हणून मी जन्मभर..." मग डॉक्टरीणबाईंकडे वळून म्हणाल्या, "ही गेली तर हा माणूस राहील का? लिहून द्या."

बाईंचा आवाज प्रथमच खाली आला. "लिहून कुणीच देत नाही, आजी. मास्क नीट बसला तर श्वास सावरेल, असं मला वाटतं. नाही बसला तर मला काही सुचत नाही."

मामींनी पेन घेतलं. 'मंजूर' असं लिहिलं, सही केली, मामांना विचारलं, "तारीख टाकू?" मामांनी मान हलवली. तारीख टाकली. मग दवाखान्यातल्या माणसानं केस कापायचं मशीन लावलं तर त्याच्यावरच ओरडल्या, "हळू! शेतातलं तण काढतोस का?"

दाढी उतरली. खालून जे निघालं त्याची कुणाला कल्पना नव्हती. वरचा चेहरा उन्हानं रापलेला, खालचा नव्या गिलाव्यासारखा गोरा. जणू दोन माणसं मध्येच सांधली होती. हनुवटी लहानशी, मऊ, थोडी बावरलेली. पाहिलं की वाटावं, या हनुवटीचा माणूस जन्मात कुणावर ओरडला नसेल. मास्क चढवला. यंत्र गप्प झालं. मामांची छाती हळूहळू खाली बसायला लागली. मी मामींकडे पाहिलं. त्या एकटक त्या हनुवटीकडे बघत होत्या, आणि त्यांनी नकळत डोक्यावरून पदर पुढे ओढून घेतला होता, नव्या नवरीसारखा.

मामा घरी आले. यंत्रही आलं, रोज काही तास ते लावायचंच, दाढी परत वाढवायची नाही, अशी सक्त ताकीद. पण दाढीबरोबर रागही गेला. म्हणजे मामा रागावतात, पण कुणी घाबरत नाही. पेपर उशिरा टाकणाऱ्यावर ते ओरडले तर तो म्हणाला, "बरं आबा, उद्या लवकर येतो," आणि हसून गेला. कापडवाल्यानं तर ओळखलंच नाही; गादीवरूनच 'काय दाखवू?' म्हणाला. माझ्यावर मात्र अजून कुणी रागावलेलं नाही. मामींनी तो मुखवटा धुऊन, पुसून, पिशवीत घालून मला परत दिला, बस. त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

परवा गेलो होतो. मामा ओट्यावर खुर्चीत. मला राहवेना. म्हटलं एक काडी टाकून पाहावी, बाजू बदलून. "मामा," मी म्हणालो, "खलाशांना दाढी हवीच. मी खूप विचार केला. बंदी घालणारे मूर्ख आहेत."

मामा खुर्चीतच माझ्याकडे वळले. मग हनुवटीवरून हात फिरवत, शांतपणे म्हणाले, "नाही हो, जावईबापू. मुखवटा बसत नाही."

माझं डोकं सणकलं. इतका राग मला जन्मात आला नव्हता. "कसा बसत नाही?" मी ओरडलो. "पट्टा आवळला की बसतो! तुम्हीच म्हणाला होता! पाच मिनिटं! मी घड्याळ लावून पाहिलंय! कोण म्हणतो बसत नाही?" शेजारचे दोघं खिडकीत आले. मी उभा राहिलो होतो, हातातला चहा सांडला होता. मामा माझ्याकडे वर बघत होते, आणि त्यांचे कान हळूहळू गुलाबी होत होते.

"इतकं वाटतं तुम्हाला?" ते म्हणाले. "मग शिफारस करा." आणि त्यांनी पाठीशी ठेवलेल्या उशीखालून घडी केलेला कागद काढला. दाढी वाढवण्यास परवानगी मिळावी ही विनंती. कारण: वैयक्तिक. मी सही केली. मामींना हाक गेली. त्या पदराला हात पुसत आल्या, कागद घेतला, काहीतरी लिहिलं, आणि आत नेऊन देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात ठेवला.

निघायची परवानगी घ्यायला म्हणून मी आत गेलो, तेव्हा कप्पा उघडाच होता. दवाखान्यातून आल्यापासून दर महिन्याला एक, असे अर्ज नीट रचून ठेवलेले. मला वाटलं होतं, सगळ्यांवर 'नामंजूर' असेल. एकावरही नव्हतं. प्रत्येकावर मामींच्या त्याच मोठ्या, वाकड्या अक्षरात लिहिलं होतं: 'पुढच्या महिन्यात पाहू.'